आधी गुन्हे, मग खून, मग गावाचं नाव

आमच्या बातम्यांच्या साइटवर गुन्ह्यांचे वेगवेगळे विभाग असावेत, हा आग्रह माझाच होता. तो दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

तेव्हा मी बीडमध्ये एका छोट्या न्यूज पोर्टलवर कामाला होते. ऑफिस म्हणजे मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत संपादक बसायचे, त्यांना सगळे सर म्हणायचे. मागच्या खोलीत मी आणि दोन कॉम्प्युटर. पालीहून सकाळी रिक्षा धरायची आणि दहाच्या आत खुर्चीत बसायचं. तालुक्यांचे वार्ताहर मोबाईलवरूनच बातमी सिस्टीममध्ये टाकायचे आणि ती कोणत्या विभागात जाते त्या चौकटीवर टिक करायचे. मी शुद्धलेखन बघून बटण दाबलं की बातमी सगळ्यांना दिसायची.

आमची मोठी अडचण लिंकची होती. शीर्षक मराठीत, म्हणून सिस्टीम लिंकही मराठी शीर्षकावरूनच बनवायची. ती गावच्या ग्रुपवर टाकली की अक्षरांच्या जागी टक्क्यांची चिन्हं आणि आकडे यायचे, चार-चार ओळी. लोकांना वाटायचं व्हायरस आहे.

"लोक हात लावायला भेतेत, ताई," सर म्हणाले. "वाचता येईल असं कायतरी करा."

मी आठवडाभर व्हिडिओ बघून शिकले. सेटिंगमध्ये लिंकची घडण बदलता येते. मी ठरवलं, आधी साइटचं नाव, मग विभाग, मग पोटविभाग, आणि शेवटी वार्ताहरानं स्वतः लिहायचे दोन-तीन शब्द, त्यात गाव आलंच पाहिजे. सगळं इंग्रजी अक्षरांत. बातमी उघडायच्या आधीच ती कशाची आणि कुठली हे कळलं पाहिजे.

शेतीचे पोटविभाग अर्ध्या तासात झाले. बाजारभाव, पाऊस, योजना. गुन्ह्यांचे करायला तीन दिवस लागले, कारण मी मागच्या सगळ्या बातम्या वाचत बसले. बांध कोरला म्हणून फावड्यानं डोकं फोडलं. पाण्याच्या पाळीवरून कोयता. सोयरीक मोडली म्हणून भर लग्नात नवरदेवाच्या मामाला पहारीनं. सरपंचपदावरून दोन चुलतभावांनी एकमेकांची पोटं फाडली आणि दोघंही एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर होते. पहिल्या दिवशी मला डबा खाववला नाही. तिसऱ्या दिवशी मी खात खात वाचत होते. माणूस दिसायचाच बंद झाला, फक्त कुठं टाकायचा तेवढं दिसायचं. मेला? खून. नाही मेला? मारामारी. गाडीखाली आला? अपघात. बाई आहे? तिच्यासाठी वेगळा विभाग केला.

गुन्ह्यांत सगळ्यात आधी मी खुनाचा विभाग बनवला, कारण आमच्याकडं सगळ्यात जास्त तेच वाचलं जायचं. सिस्टीम प्रत्येक विभागाला बनवल्याच्या क्रमानं आकडा देते. एखाद्या बातमीवर दोन विभागांची टिक असेल, तर ज्याचा आकडा लहान तोच लिंकमध्ये येतो. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं. मी ते शिकताना ऐकलं होतं, पण ध्यानात ठेवावं असं वाटलं नव्हतं. आणि जीव घेण्याइतकं मारलं पण माणूस वाचला, अशा बातमीसाठी चौकट करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

नवी घडण सुरू झाली. सर खूष झाले. लिंका आखूड, सरळ, वाचता येणाऱ्या. दीड महिना सगळं नीट चाललं.

मग थंडीत, हरभरा घाट्यावर आलेला असताना, गेवराई तालुक्यात चकलांब्याच्या पलीकडच्या एका गावात ते झालं. गावाचं नाव मी लिहीत नाही, एकदा लिहिलं ते पुरे आहे. एका मेंढपाळाच्या मेंढ्या सकाळी एका बड्या बागायतदाराच्या हरभऱ्यात शिरल्या. बागायतदाराच्या घरात राजकारण होतं, आवाज मोठा होता. तो आणि त्याची दोन माणसं काठ्या घेऊन धावली. मेंढपाळ हात जोडत मेंढ्या वळवत होता. आधी काठ्यांनी मारलं, मग कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे पात्याच्या मागच्या बोथट बाजूनं. पाठीत, बरगड्यांत, शेवटी कानामागं. तो पडल्यावरही दोन-चार बसले. दोन मेंढ्यांचे पाय तोडून बांधावर टाकले.

गेवराईच्या आमच्या वार्ताहराचा बारा वाजून गेल्यावर फोन आला. पन्नाशीचा माणूस, बसस्थानकाजवळच्या हॉटेलात बसून बातम्या टाकायचा.

"मॅडम, टाकलीय बगा. मेंढपाळाला लई मारलंय. बीडला आणलंय त्याला. तीनशे सात लागतंय."

खुनाच्या प्रयत्नाच्या कलमाचा आकडा आता बदललाय, पण तीनशे सात म्हणायची सवय कुणाचीच गेलेली नाही. मी शीर्षक वाचलं, 'मेंढपाळाला बेदम मारहाण, प्रकृती गंभीर.' एक वेलांटी दुरुस्त केली. बटण दाबलं आणि डबा उघडला. लिंककडं पाहिलं नाही.

वार्ताहरानं दोन चौकटींवर टिक केली होती, मारामारी आणि खून. खुनाच्या प्रयत्नाला चौकट नव्हती, म्हणून त्यानं जवळची निवडली होती. सिस्टीमनं लहान आकडा उचलला. लिंक अशी झाली: साइटचं नाव, गुन्हे, खून, गावाचं नाव, मेंढपाळ.

त्या गावात मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते. ग्रुपवर लिंक आली की वरचा फोटो आणि शीर्षक उमटायला वेळ लागतो, कधी उमटतच नाही. राहते ती फक्त निळी ओळ. ती मेंढपाळाच्या मेव्हण्यानं वाचली. तो शेजारच्या शिवारात आपल्या मेंढ्या घेऊन तळ टाकून होता. त्यानं बातमी उघडायचा प्रयत्न केला, पण चक्र फिरत राहिलं. त्यानं ओळ पुन्हा वाचली आणि मोठ्यानं सांगितली. खून. गावाचं नाव. मेंढपाळ. बायकांनी तिथंच छाती पिटायला सुरुवात केली.

नऊ माणसं चार मोटारसायकलींवरून गावात गेली. बागायतदार घरी नव्हता, तो आधीच पसार झाला होता. अंगणात त्याचा धाकटा भाऊ होता. हा शाळेत मास्तर. मारहाणीशी त्याचा काही संबंध नव्हता. उलट सकाळी आरडाओरडा ऐकून त्यानंच मेंढपाळाला आपल्या जीपमध्ये घातलं, गेवराईपर्यंत नेलं, अॅम्ब्युलन्समध्ये ठेवलं आणि परत आला. बादली घेऊन तो जीपची सीट धूत होता.

त्या माणसांनी ती बादली पाहिली. सीटवरचं रक्त पाहिलं.

"जिता हाय त्यो!" मास्तर ओरडला. "मीच सोडून आलोय त्याला! फोन करा, इचारा!"

हे मला नंतर त्याच्या बायकोनं सांगितलं. ती म्हणाली की त्यांच्यातला एक जण क्षणभर थांबला होता. पण मेव्हण्यानं कुऱ्हाड उचललेली होती. मास्तरानं डावा हात आडवा धरला. पहिला घाव मनगटावर बसला, दुसरा त्याच्याखाली. हात लोंबायला लागला. तो जीपच्या चाकाशी बसला, तर मांडीवर काठ्या बसल्या, मांडीचं हाड मोडल्याचा आवाज तिनं ओसरीवरून ऐकला. ती मध्ये पडली, तिच्या खांद्यावर काठी बसली. मग त्यांनी गोठ्याजवळची कडब्याची गंजी पेटवली. बांधलेली जनावरं हंबरत दावी ओढत होती, आणि हिनं मोडक्या खांद्यानं एकेकाचं दावं सोडलं.

त्याच वेळी बीडच्या दवाखान्यात मेंढपाळ शुद्धीवर होता. शेजारी त्याची बायको बसली होती. तिला नणंदेचा, म्हणजे त्या मेव्हण्याच्या बायकोचा फोन आला, पलीकडून नुसता आक्रोश. ही सांगत होती, "अगं हितं हायेत ते, पाणी मागायलेत," पण पलीकडं कुणी ऐकत नव्हतं. तिनं फोन नवऱ्याच्या तोंडाशी धरला. त्याचा जबडा सुजलेला, शब्द फुटेना. पलीकडचीनं कण्हणं ऐकलं आणि आणखी जोरात रडायला लागली.

तीनच्या सुमारास वार्ताहराचा फोन आला. त्याचा आवाज बसलेला.

"मॅडम, तुमी खून कावून लिवलं?"

"मी कुठं लिहिलं? शीर्षक बघा की."

"शीर्षक न्हाई. लिंक बगा."

मी पाहिली. शब्द समोर होता, माझ्याच हातानं टाईप केलेला, चार इंग्रजी अक्षरांचा.  मी घाईघाईनं खुनाची टिक काढली. लिंक बदलली, तिथं मारामारी आली. मला वाटलं, दुरुस्त झालं. जुनी लिंक नव्या पानाकडं वळवून द्यावी लागते, हे त्या घाईत सुचलंच नाही. त्यामुळे ग्रुपवरची ओळ दाबणाऱ्याला आता दिसायला लागलं, 'हे पान सापडले नाही.'

संध्याकाळपर्यंत तालुक्यात दोन गोष्टी झाल्या. बागायतदाराची माणसं म्हणायला लागली, पोर्टलनं खोटा खून छापून आमच्या माणसाचा हात तोडवला. मेंढपाळाकडची म्हणायला लागली, पोर्टल दबलं, बातमी उडवली. मी एक टिक काढल्यानं दोन्ही बाजूंना पुरावा मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी वार्ताहराला ऑफिसात बोलावून घेतलं. तो येऊन माझ्या टेबलासमोर बसला, चहा आला, आणि अकराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. बागायतदाराकडचे सहा जण होते. पुढच्याच्या हातात लोखंडी पाईप.

"खून कुणी लिवलं बे?"

"बसा, बसा तर खरं," सर उठत म्हणाले. त्यांना थोबाडीत बसली. चष्मा भिंतीवर आदळला. साठीच्या वर होते ते, तोल जाऊन खुर्चीसकट पडले.

मग ते मागच्या खोलीत आले. एकानं वार्ताहराला ओळखलं. "ह्योच. गेवराईचा. ह्यानंच टाकली." त्याला केसांना धरून उठवलं. तो म्हणत होता, "मारहाण लिवलं म्या, मारहाण लिवलं." पाईप त्याच्या तोंडावर बसला. मी दातांचा आवाज ऐकला. मग गुडघ्यांवर, मग पाठीवर. तो टेबलाखाली शिरायला बघत होता, त्याला पायाला धरून बाहेर ओढलं. एकानं मॉनिटर उचलून त्याच्या पाठीत घातला. वायरी ताणल्या आणि दुसरा कॉम्प्युटरही खाली आला.

पाईपवाला माझ्याकडं वळला. 

"ताई, तुमी बाजूला व्हा," तो म्हणाला, अगदी अदबीनं. "टायपिंगवाल्या बाईला आमी काय करीत न्हाई."

मी बाजूला झाले. भिंतीला पाठ लावून उभी राहिले. 'तो शब्द माझा आहे' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर त्यांना ते कळलं असतं का, त्यांनी मला मारलं असतं का, की बाई म्हणून सोडलं असतं, माहीत नाही. मी म्हटलं नाही. ते आणखी थोडा वेळ मारत राहिले आणि मी बघत राहिले. जाताना एकानं माझी पाण्याची बाटली पायानं उडवली आणि "सॉरी" म्हणाला.

पोलीस ठाण्यात जबाब झाला. साहेब चाळिशीचे, हुशार होते. त्यांनी लिंकचा कागद काढून समोर ठेवला होता.

"हा शब्द कुणी लिहिला?"

"कुणी लिहिला नाही साहेब, सिस्टीमनं आपोआप घेतला."

"आपोआप म्हणजे?"

मी विभाग, टिका, आकडे समजावून सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "मग विभागाचं नाव कुणी दिलं?"

"मी."

"पहिला आकडा त्यालाच का?"

"ते जास्त वाचलं जातं म्हणून."

त्यांनी ते जबाबात जसंच्या तसं लिहायला लावलं. मी सही केली. त्या कागदामुळं माझ्यावर काही झालं नाही. वकिलानं सांगितलं की यात गुन्ह्याचा हेतू दिसत नाही.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. मेंढपाळ बसता झाला होता, पण एका कानानं ऐकू येणं गेलं होतं. मी कोण हे त्याच्या बायकोला सांगितलं. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं नवऱ्याच्या चांगल्या कानाजवळ तोंड नेलं आणि सांगितलं, "ह्या बाईनं तुमाला मेलेलं लिवलतं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "माजा मेव्हणा आत गेला," तो सावकाश म्हणाला. "त्याच्या मेंढ्या कोण वळील आता?"

 बायकोच पुढं म्हणाली, "मास्तरानं ह्यांना उचलून नेलतं. त्याच मास्तराला आमच्या माणसांनी तोडलं. आमी त्या गावात तोंड कसं दाखवावं?" आणि मग ती रडायला लागली. नवऱ्याला रक्तबंबाळ आणलं तेव्हाही ती रडली नव्हती, असं शेजारच्या खाटेवरची बाई मला म्हणाली.

मास्तर दुसऱ्या मजल्यावर होता. हात वाचवला होता, पण बोटं हलणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्याची बायको खांद्याला पट्टा बांधून दाराशीच बसली होती, त्या दिवशीचं सगळं तिनंच सांगितलं. आत गेल्यावर मी लिंकचं बोलायला सुरुवात केली, तर मास्तर म्हणाला, "ते मला सांगू नका. म्या त्यांना दहा येळा सांगितलं, जिता हाय म्हणून. माज्या तोंडाचं ऐकलं न्हाई, आन त्या ओळीचं ऐकलं." मग त्यानं तोंड भिंतीकडं केलं. बायकोनं मला जायची खूण केली.

ऑफिस पंधरा दिवसांनी पुन्हा उघडलं. मी सगळी घडण मोडली. आता आमच्या लिंकमध्ये विभाग नाही, गाव नाही, नुसता बातमीचा क्रमांक आहे. वाचून काही कळत नाही. जुनी लिंक मी नव्या पानाकडं वळवून ठेवली आणि त्या पानावर वर लिहिलं, 'जखमी व्यक्ती जिवंत आहे. लिंकमधील शब्द आमच्या चुकीमुळे आला होता.' सर म्हणाले, 'आमच्या' कशाला, 'तांत्रिक' लिहा. मी 'आमच्या'च ठेवलं. पण ज्यांच्या मोबाईलवर ती निळी ओळ गेली आहे, त्यांच्याकडं ती तशीच आहे. ती मला परत घेता येत नाही.

मेव्हणा आणि बाकीचे आठ जण कित्येक महिने तुरुंगात राहिले. बागायतदार सापडला, पण त्याला लवकर जामीन मिळाला.

वार्ताहराला मात्र मी भेटले नव्हते. उन्हाळा लागल्यावर गेवराईला गेले, त्याच हॉटेलात. पुढचे तीन दात नव्हते, गुडघा वाकत नव्हता. चहा येईपर्यंत आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग मी सगळं सांगितलं. पहिला आकडा, न केलेली चौकट, माहीत असून विसरलेली गोष्ट.

"टिक तर माजीच होती की," तो म्हणाला.

"टिक तुमची होती. पण दोन टिका पडल्या तर काय होतं ते मी बघायला पाहिजे होतं."

त्यानं कप खाली ठेवला.

"हे तुमाला तवाच म्हायीत होतं? त्या दिवशी, ऑफिसात?"

"हो."

"मला पाईपानं मारीत होते तवा?"

"हो."

त्याचा चेहरा लाल झाला. हात टेबलावर आपटला तसे कप उडाले, शेजारची माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं तो मला मारेल, आणि खरं सांगते, त्यानं मारावं असं वाटलं.

"मंग तवा कावून बोलल्या न्हाईत?" त्याचा आवाज फाटला. "एक शब्द तर बोलायचा व्हता. त्ये थांबले नसते, तरी बोलायचा व्हता."

 तो उठला, काठी टेकत बाहेर गेला.

तो अजून आमच्यासाठीच बातम्या देतो. पण सिस्टीममध्ये काही टाकत नाही, फोन करून तोंडी सांगतो. माझं नाव घेत नाही, मॅडमही म्हणत नाही. बातमी सांगून झाली की थांबतो आणि विचारतो, "कशात टाकताव?" मी विभाग सांगते. तो ऐकतो आणि मग फोन ठेवतो.